स्टीम रेडिएटर अर्धाच तापतो? आधी एअर व्हेंट फुंकून बघा

एकाच पाइपच्या स्टीम हीटिंगमध्ये (वाफ येते आणि तिचं पाणी होऊन परत जातं, तो पाइप एकच) रेडिएटर निम्मा गरम, निम्मा गार राहत असेल, तर बॉयलरला दोष देण्याआधी बाजूचा छोटा एअर व्हेंट तपासा. आतली हवा निघाली नाही तर वाफेला जागाच मिळत नाही.

१. बॉयलर बंद करा, रेडिएटर पूर्ण गार होऊ द्या. मगच व्हेंट फिरवून काढा. इथे घाई अजिबात नको, वाफेने क्षणात भाजतं.
२. व्हेंट पुसून फुंकर मारा. हवा आरपार गेली पाहिजे. अडली तर अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, झटका, पुन्हा फुंका. तरीही बंदच असेल तर नवा घ्या.
३. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून व्हेंट सरळ उभा बसवा.

रेडिएटर पूर्ण तापल्यावरही व्हेंट सतत फुसफुसत असेल, तर तो मिटत नाहीये, बदला. पाणी थुंकत असेल तर मात्र आधी उतार बघा. व्हेंटकडच्या पायांखाली पातळ चकत्या सारून रेडिएटर किंचित उतरता करा, उतार वाफ आत येते त्या व्हॉल्व्हच्या दिशेने. व्हॉल्व्हही पूर्ण उघडा हवा. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमधून पाणी नीट परत जात नाही.

नवा घेताना सगळीकडे जलद, म्हणजे हवा पटकन सोडणारा, व्हेंट लावायचा मोह टाळा. थर्मोस्टॅटच्या खोलीत मंद, लांबच्या उशिरा तापणाऱ्या रेडिएटरला जलद. त्याआधी तळघरातल्या मुख्य पाइपच्या टोकाचा मोठा व्हेंट चालतोय ना, तेवढं नक्की बघा.