उचललेली फरशी पुन्हा बसवताना

बैठकीच्या खोलीतील फरशी एका दुपारी मोठा आवाज होऊन मध्यभागी तंबूसारखी उचलली गेली, तेव्हा खाली पाणी मुरले असावे अशी माझी पहिली समजूत झाली; ती चुकीची होती. निघालेल्या टाइलची पाठ जवळजवळ कोरी होती, तिला मसाला चिकटलेलाच नव्हता. व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली, टाइल ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे साध्या सिमेंटच्या घोळाला तिच्यात शिरून पकड घेता येत नाही. शिवाय टाइल एकमेकींना आणि भिंतींना घट्ट भिडवल्याने प्रसरणाला जागाच उरली नव्हती.

उरलेली फरशी ठोकून पाहिली, तर अर्ध्याहून अधिक टाइल पोकळ वाजल्या, म्हणून डागडुजीचा विचार सोडून सबंध खोली उकरली. जुना मसाला छिन्नीने काढणे हेच खरे कष्टाचे काम. त्यानंतर धूळ पुसून पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्ह दातेरी थापीने पसरले, टाइलच्या पाठीवरही पातळ थर दिला, सांध्यांत सारखे अंतर राखणारे ३ मिलिमीटरचे स्पेसर ठेवले आणि भिंतीलगत ६ मिलिमीटरची फट मोकळी सोडली, जी स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीखाली, झाकली जाते. ग्राउट, म्हणजे सांधे बुजवायचा मसाला, २४ तासांनी भरले. सांध्यांच्या रेघा घरच्यांना खटकतात, मला नाही.