नॉर्फोकच्या किनाऱ्यावर मुलांसोबत एक दिवस: आधी भरतीची वेळ बघा

इंग्लंडच्या पूर्वेला, उत्तर नॉर्फोकच्या किनाऱ्यावर वेल्स-नेक्स्ट-द-सी नावाचं लहानसं बंदर आहे. पुढे मोठी वाळू, मागे खाजण आणि मधून जाणारी खाडी. मुलांना घेऊन जायला याच्याइतकी चांगली जागा मला या देशात दुसरी सापडलेली नाही. पण इथला दिवस समुद्राच्या वेळेने चालतो. ती वेळ सांभाळून सहल कशी आखायची, ते सांगते.

१. तारीख ठरवण्याआधी भरतीचा तक्ता उघडा

ओहोटीला इथलं पाणी इतकं मागे जातं की वाळूवर उभं राहून समुद्र शोधावा लागतो, आणि गावातल्या धक्क्याखाली नुसता चिखल उरतो. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणून गेल्या शनिवारची वेळ या शनिवारी उपयोगाची नाही.

आपल्या घरात तिथी दाखवणारी दिनदर्शिका असेल तर अर्धं काम तिथेच होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं आणि या किनाऱ्यावर तेव्हा पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी येते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती दुपारी येते. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती दुपारी तीनच्या सुमारास सरकते. लहान मुलांसाठी मला हेच दिवस आवडतात: सकाळी खेळायला वाळू मोकळी, दुपारी दोरीने खेकडे धरायला धक्क्याला पाणी. नेमकी वेळ मात्र तक्त्यातच बघा.

तक्ता वाचताना एक गोष्ट नक्की तपासा. बरेच तक्ते ग्रीनिच वेळेत छापलेले असतात. उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात, त्यामुळे त्यात एक तास मिळवावा लागतो. पहिल्या वर्षी आम्ही तो मिळवला नाही. मुलं दोऱ्या घेऊन धक्क्यावर बसली आणि खाली चिखलात होड्या कलंडलेल्या. पाणी यायला तासभर वाट पाहावी लागली.

२. कसं जायचं

गाडी असेल तर ऑगस्टमध्ये सकाळी लवकर पोहोचा, किनाऱ्याजवळचा वाहनतळ भरतो. गाडी नसेल तर लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून रेल्वेने नॉरिच, तिथून छोट्या रेल्वेगाडीने शेरिंगहॅम आणि पुढे किनाऱ्याची बस. परतीच्या बसची वेळ आधीच लिहून ठेवा.

३. पिशवीत काय

जुलैतही विंडचीटर हवाच, उत्तर समुद्राचा वारा अंगात शिरतो. जास्तीचे मोजे, टोपी, पाणी. डब्यात धपाटे आणि घट्ट चटणी न्या, वाऱ्यात वाटी-चमच्याचं जेवण जमत नाही. वाळू दाताखाली येईल, ते धरून चाला. धक्क्यासमोर फिश अँड चिप्स मिळतं, पण हातातला कागद उघडा ठेवू नका. सीगल मागून येऊन उचलतो आणि लहान मूल घाबरतं.

४. सकाळी वाळूवर, पण खाडीच्या अलीकडे

गावापासून किनारा सुमारे मैलभर आहे, बांधावरून सरळ वाट जाते. खांबांवर उभ्या रंगीत लाकडी खोल्या आणि त्यांच्या मागे पाइनचं रान लागतं. वाळूच्या टेकड्या सरकू नयेत म्हणून ही झाडं एकोणिसाव्या शतकात लावली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भरती लागली की पाणी फक्त समोरून येत नाही. आधी ते मागच्या खाडीत आणि चरांमध्ये भरतं. तुम्ही दूरच्या वाळूच्या दांड्यावर किल्ला बांधत असता आणि परतीची वाट पाण्याखाली गेलेली असते. वेल्सला म्हणूनच भोंगा वाजवतात. तो ऐकला की खेळ तिथेच सोडून किनाऱ्याच्या बाजूला या. मी तर भोंग्याचीही वाट पाहत नाही. भरती तीनला असेल तर अकराला मुलांना परत फिरवते. कोणी अडकलेलं दिसलं तर स्वतः पाण्यात उतरू नका, ९९९ लावून कोस्टगार्ड मागा.

५. सील बघायचे असतील तर वेगळा दिवस ठेवा

जवळच्या मॉर्स्टनहून ब्लेकनी पॉइंटला होड्या जातात. त्याही भरतीनुसारच सुटतात, म्हणजे खेकडे आणि सील यांची वेळ एकच. लहान मुलांबरोबर एका दिवसात दोन्ही करू नका. पांढऱ्या लोकरीची ग्रे सीलची पिल्लं थंडीत, मुख्यतः नोव्हेंबर ते जानेवारीत दिसतात. होडीची जागा आधी राखून ठेवा.

६. दुपारी धक्क्यावर खेकडे

दोरी, जाळीची छोटी पिशवी, बादली आणि बेकनचा तुकडा एवढंच सामान. गळ नको, खेकड्याला जखम होते. बेकन पिशवीत घालून दोरी तळापर्यंत सोडा आणि थांबा. दोरीला बारीक हिसका बसला की हळूहळू वर घ्या. घाईने ओढलं की खेकडा पाण्यातून बाहेर येताच पकड सोडतो. माझी धाकटी आता श्वास रोखून ओढते.

बादलीत समुद्राचंच पाणी घ्या, नळाचं नाही. मूठभर शेवाळ टाका, बादली सावलीत ठेवा, पाणी तासातासाने बदला. एका बादलीत दहाच्या वर खेकडे नकोत, गर्दी झाली की ते एकमेकांचे पाय तोडतात. धरायचा तर मागून, पाठीच्या दोन्ही कडांना बोटं लावून, म्हणजे नांगी पोहोचत नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना हेच काम द्या. कोकणात चिंबोऱ्या धरलेला हात ते विसरलेला नसतो.

निघताना बादली धक्क्यावरून खाली ओतू नका. पाण्याच्या कडेला उतरा आणि ती हलकेच आडवी करा. खेकडे तिरके तिरके चालत पाण्याकडे जातात आणि मुलं शेवटचा आत जाईपर्यंत मोजत बसतात. बसच्या वेळेत तेवढी दहा मिनिटं धरा.