तुडतुड्यांची ट्राइब ठरवताना या चुका टाळा

पाऊस ओसरायला लागला की घोडबंदर रोडवरच्या बाल्कन्यांतल्या दिव्यांवर, येऊरच्या बाजूच्या भातखाचरांत आणि खारघरच्या टेकडीवरच्या गवतात तुडतुडे हमखास दिसतात. मोबाइलवर फोटो निघतो, ग्रुपवर जातो आणि पाच मिनिटांत कुणीतरी थेट जातीचं नाव सांगून मोकळं होतं. कुल, उपकुल, ट्राइब (उपकुल आणि वंश यांच्यामधला गट) या मधल्या पायऱ्या गाळून उडी मारली की चूक ठरलेलीच. बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी किंवा आवडीने तुडतुडे गोळा करणाऱ्या ठाणे-नवी मुंबईतल्या मंडळींसाठी हे लिहितोय, कारण त्याच त्या चार-पाच चुका वर्षानुवर्षं होताना बघतो आहे.

पहिली चूक कुलातच होते. भातावरच्या ज्या किडीला शेतकरी तपकिरी तुडतुडा म्हणतात, ती निलापर्वता ल्युजेन्स डेल्फासिडी कुलातली आहे. आपले तुडतुडे सिकाडेलिडी कुलातले. दोन्ही एकाच चुडात सापडतात, त्यामुळे एकाच बाटलीत जातात. वेगळे करायला मागचा पाय पुरतो. सिकाडेलिडीच्या मागच्या टिबियावर, म्हणजे पायाच्या नडगीवर, वरपासून खालपर्यंत काट्यांच्या ओळी असतात. डेल्फासिडीत तशा ओळी नसतात, पण टिबियाच्या टोकाशी एक मोठा, हलणारा काटा असतो. सुईने ढकलला तर तो खरोखर हलतो. शिवाय डेल्फासिडीच्या मिशा डोळ्यांच्या खाली असतात. त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या थुंकी किड्याच्या टिबियावर मोजकेच जाड काटे आणि टोकाला बारीक काट्यांचं कडं असतं. दहापट भिंगातून हे सगळं दिसतं, त्यामुळे इथे चुकायला काहीच सबब नाही.

दुसरी चूक रंगाची, आणि सगळ्यात जास्त घोटाळा हीच करते. हिरवा दिसला की "भातावरचा हिरवा", पिवळसर हिरवा आणि पंखावर काळा ठिपका दिसला की "भेंडीवरचा". भेंडी आणि कपाशीवरच्या अम्रास्का बिगुट्टुलाच्या पुढच्या पंखांच्या टोकांजवळ एकेक काळा ठिपका असतो, हे खरंच. पण ठिपके वापरायचे ते वंश ठरल्यानंतर, जात ओळखायला. ट्राइब त्यांनी ठरत नाही. भातावरच्या नेफोटेटिक्सचंच बघा: नराच्या पंखावर काळे डाग असतात, मादीच्या पंखावर बहुधा नसतात. रंगावर गेलात तर एकाच जातीचे नर-मादी दोन वेगळ्या कप्प्यांत टाकाल. त्यातच नुकती कात टाकलेला तुडतुडा फिका असतो आणि अल्कोहोलमध्ये राहिलेला हिरवा काही दिवसांत पिवळा पडतो. म्हणून पकडल्याबरोबर रंग वहीत लिहून ठेवा, फोटोही घ्या, पण निर्णय रचनेवर घ्या.

रचनेत सुरुवात चेहऱ्यापासून. वरून काढलेला फोटो दिसायला छान असतो, पण ओळखायला अपुरा. साधे डोळे, म्हणजे ओसेलाय, कुठे आहेत ते बघा. सिकाडेलिनी ट्राइबमध्ये ते डोक्याच्या वरच्या भागावर असतात. भातात आणि दिव्यावर येणारा पांढरा कोफाना स्पेक्ट्रा याच ट्राइबचा. आंब्याच्या मोहरावरचे इडिओस्कोपस आणि अम्रिटोडस हे इडिओसेरिनीतले. त्यांचं डोकं रुंद, अंग मागे निमुळतं आणि साधे डोळे खाली चेहऱ्यावर. डेल्टोसेफॅलिनी उपकुलात ते डोक्याच्या पुढच्या कडेवर, मोठ्या डोळ्यांजवळ असतात. टिफ्लोसिबिनीत अनेकदा दिसतच नाहीत. एवढ्यावर उपकुलाचा बराचसा प्रश्न सुटतो. पण नमुना कार्डाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवताना डिंक चेहऱ्यावर आला की हा पुरावा गेला. वक्षाच्या उजव्या बाजूला, अगदी थोडा डिंक लावा.

टिफ्लोसिबिनी उपकुलातले तुडतुडे जेमतेम 3 मिलिमीटरच्या आसपासचे, आणि इथे लोक पुढच्या पंखावरच अडकतात. ट्राइब एम्पोआस्किनी की एरिथ्रोन्युरिनी, हे मागच्या पंखावर ठरतं. तो पंख मुळापासून अलगद सोडवा, स्लाइडवर ग्लिसरिनच्या थेंबात पसरा, वर कव्हरस्लिप ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश कमी करा. भरपूर प्रकाशात या पारदर्शक पंखाच्या शिरा गायब होतात, आणि मग "शीर नाही" अशी नोंद होते! पंखाच्या कडेला लागून एक सबमार्जिनल शीर जाते. एम्पोआस्किनीत ती टोकापर्यंत जाऊन तिथला कप्पा बंद करते. एरिथ्रोन्युरिनीत ती टोकाला पोहोचत नाही, कप्पे उघडे राहतात. दोन्ही बाजूंचे पंख बघा; एकाची कड दुमडलेली असेल तर फसगत होते.

डेल्टोसेफॅलिनी उपकुलाचा आवाका फारच मोठा: 2013 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात त्यात 38 ट्राइब मानल्या आहेत. तिथे नराचं जननांग उघडल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पोट वेगळं करून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवलं की मऊ भाग विरघळतो. घाईने टेस्ट ट्यूब थेट ज्योतीवर धरू नका, द्रावण उसळून डोळ्यांत जातं. मग पाण्यात धुऊन ग्लिसरिनमध्ये घ्या आणि एडिगस (नराचं लिंग) व त्याला धरणारा कनेक्टिव्ह हा तुकडा बघा. उपकुलासारखंच नाव असलेल्या डेल्टोसेफॅलिनी ट्राइबमध्ये कनेक्टिव्ह एडिगसशी एकजीव झालेला असतो. पॅरालिम्निनीत दोन्ही सांध्याने जोडलेले असतात. नेमकं इथेच विद्यार्थी सुईने दोन्ही भाग ओढून सुटे करतात आणि ते सुटे झाले म्हणून "सांधा आहे" असं लिहितात. आधी काही न हलवता बाजूने बघा. एकजीव असेल तर जोडावर रेघ दिसत नाही आणि ओढल्यावर कड फाटलेली, खरबरीत दिसते. एडिगसला दोन दांडे आणि प्रत्येकाला आपलं छिद्र दिसलं तर ऑप्सिनीचा विचार करा.

जननांग वेडंवाकडं किंवा खुरटलेलं दिसलं तर नवी जात सापडल्याचा आनंद लांबणीवर टाका. पिपुन्क्युलिडी कुलातल्या माश्यांच्या अळ्या तुडतुड्याच्या पोटात वाढतात, ड्रायिनिड गांधीलमाशीच्या अळीची पिशवी तर बाहेरून लोंबताना दिसते. अशा नरांचे अवयव नीट वाढत नाहीत. त्याच ठिकाणचे आणखी नर तपासा. पिल्लांना पूर्ण पंखही नसतात आणि तयार जननांगही नसतं, तेव्हा त्यांच्यावरून ट्राइब ठरवू नका. एकटी मादी हाती आली तर बहुतेक वेळा उपकुलापर्यंतच लिहा.

ओळखायला वापरता ती कळ, म्हणजे लक्षणांवरून गट ठरवायचा तक्ता, किती जुनी आहे, तेही बघा. आंब्यावरच्या तुडतुड्यांचा गट पूर्वी इडिओसेरिनी नावाचं स्वतंत्र उपकुल होता. आता तो युरिमेलिनी उपकुलातली ट्राइब मानतात. डिस्टंट यांचा ब्रिटिश भारतातल्या कीटकांवरचा 1908 चा खंड आजही चाळावा लागतो, पण भारतीय वंशांसाठी बंगळुरूचे तुडतुड्यांचे अभ्यासक सी. ए. विरक्तमठ यांचं काम आधी हाताशी ठेवा.

आपल्याकडच्या दमट हवेत नमुन्यांवर बुरशी चटकन चढते आणि टिबियावरचे काटे तिच्याखाली झाकले जातात. डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते ओलावलं की बदला. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही कीटक गोळा करू नका. परवानगीचा क्रमांक ठिकाण, तारीख आणि यजमान झाडासोबत लेबलवर लिहा, आणि काढलेलं जननांग ग्लिसरिनच्या छोट्या कुपीत घालून त्याच नमुन्याच्या टाचणीला लावा.