आधी तालुके मोजा, मग तक्ता फोडा

बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलेली आपल्याकडची पोरं 'आर' ही आकडेवारीची संगणकभाषा शिकायला बसली की थेट 'डीप्लायर' हे तिचं तयार पॅकेज उघडतात. क्लासवालेही तेच शिकवतात, झटपट उत्तर येतं म्हणून. माझं मत उलट आहे. पहिले काही दिवस 'आर'मधल्याच साध्या 'स्प्लिट'वर, म्हणजे तक्ता गटागटांत फोडणाऱ्या फंक्शनवर काढा.

सरावाला आपल्याच जिल्ह्याचा पाऊस घ्या. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातला महसुली भाग) आकडे मिळतात. कोल्हापूर जिल्ह्याची सरासरी काढून काही कळत नाही. गगनबावड्याला घाटमाथ्याचा पाऊस कोसळतो आणि शिरोळला त्याच्या कित्येक पट कमी, त्यामुळे ती सरासरी दोघांनाही लागू पडत नाही.

'स्प्लिट'ला तक्ता आणि तालुक्याचा रकाना दिला की बारा छोट्या तक्त्यांची यादी हातात येते. त्यातला पन्हाळा उघडून डोळ्यांनी बघता येतो, म्हणून तर 'स्प्लिट' आधी. पुढे 'एलॲप्लाय'ने प्रत्येक तुकड्यावर तेच काम करायचं आणि 'डू-कॉल', 'आरबाइंड'ने निकाल परत जोडायचे. फोडा, हिशेब लावा, जोडा या रीतीवर 'डीप्लायर'चे कर्ते हॅडली विकहॅम यांचा २०११ सालचा लेख आहे. 'डीप्लायर'मधले 'ग्रुप-बाय' (गट पाडणारं) आणि 'समराइज' (प्रत्येक गटाचा सारांश काढणारं) हेच करतात, फक्त मधले तुकडे तुम्हाला दिसत नाहीत.

खरी डोकेदुखी गट पाडायच्या रकान्यात असते. बाराऐवजी पंधरा तालुके आले तर समजायचं, कुणीतरी 'शिरोळ' आणि 'शिरोल' दोन्ही टाइप केलंय, किंवा 'कागल'च्या मागे एक स्पेस राहिलीय. स्पेस 'ट्रिम-डब्ल्यूएस'ने जाते, ळ-ल हातानेच दुरुस्त करावं लागतं. म्हणून फोडण्याआधी त्या रकान्यावर कोणतं नाव किती वेळा आलंय ते मोजणारं 'टेबल' चालवायचंच, 'एनए' म्हणजे नोंद नसलेल्या जागाही मोजल्या जाव्यात म्हणून 'यूज-एनए' चालू ठेवून. कारण तालुका 'एनए' असलेल्या ओळी 'स्प्लिट' गुपचूप गाळतो, 'ग्रुप-बाय' मात्र त्यांचा वेगळा गट करतो. त्यावर कडी म्हणजे फाइल वाचणारं 'रीड-सीएसव्ही' मजकुराच्या रकान्यातली रिकामी चौकट 'एनए' धरतच नाही. बिननावाचा तेरावा तालुका तयार!

गटांच्या सरासऱ्यांची परत सरासरी काढू नका. प्रत्येक तालुक्यात मंडळं सारखी नसतात, त्यामुळे ती संख्या सगळ्या मंडळांच्या सरासरीशी जुळेलच असं नाही.

मुलाखतीला आलेल्यांना मी हमखास विचारतो: तालुका आणि महिना अशा दोन रकान्यांनी 'ग्रुप-बाय' करून 'समराइज' केलं, आता तक्ता कशाने गटात आहे? बहुतेक जण म्हणतात, कशानेच नाही. प्रत्यक्षात फक्त शेवटचा रकाना, म्हणजे महिना सुटतो, तालुका तसाच राहतो. पुढच्या ओळीत टक्केवारी काढलीत तर ती जिल्ह्याची न येता त्या-त्या तालुक्याची येईल. 'अनग्रुप' लिहा, किंवा 'समराइज'मध्येच 'डॉट-ग्रुप्स'ला 'ड्रॉप' द्या.