डोळ्याऐवजी कान शार्प येतो? ५० एमएम एफ/१.८ अशी वापरा

किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम, ५० एमएमला साधारण एफ/५.६ वर अडते. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. तिच्या जागी एफ/१.८ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, लावली की सव्वातीन स्टॉप जास्त प्रकाश मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). आधी आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) ६४०० लागायचा तिथे ६४० पुरतो. सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, रात्री किंवा शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये फोटो वाचतो तो यामुळेच. मात्र ‘१.८ लावा आणि विसरा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्यांनी स्वतःचे फोटो बहुधा मोबाइलपेक्षा मोठ्या पडद्यावर पाहिलेले नसतात.

लेन्स जुनी घेत असाल तर एक बघा. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ‘एएफ-डी’ लेन्स त्यांवर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. ‘एएफ-एस’ घ्या, तिच्यात मोटर असते.

कॅमेरा ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोडवर (एफ तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) ठेवा, ऑटो आयएसओ सुरू करा आणि किमान शटर १/१२५ ठरवून द्या. चालत्या माणसांसाठी १/२५०. एवढी तयारी पुरे.

आता फोकस. बहुतेकांची लेन्स कपाटात जाते ती इथेच.

एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/१.८ ला दीड मीटरवरून चेहरा टिपला, तर शार्प पट्टा, म्हणजे पुढेमागे जेवढं शार्प येतं तो भाग, जेमतेम साडेसहा सेंटीमीटरचा असतो. एक मीटरवर तो तीन सेंटीमीटरवर येतो, म्हणजे डोळा शार्प आणि नाकाचा शेंडा गेला. एफ/२.८ ला दीड मीटरवर तोच पट्टा दहा सेंटीमीटर होतो. म्हणून पहिला महिनाभर एफ/२.८ च्या खाली उतरू नका. तिथे लेन्स तशीही जास्त शार्प असते आणि दागिन्यांच्या कडेला दिसणारी जांभळी झाकही कमी होते.

फोकस पॉइंट एकच निवडा आणि तो थेट जवळच्या डोळ्यावर न्या. मिररलेसमध्ये आय-एएफ (डोळा ओळखून फोकस) असेल तर तेच वापरा. मधल्या पॉइंटने फोकस धरून मग कॅमेरा वळवायची सवय इथे महागात पडते. दीड मीटरवर कॅमेरा दहा अंश वळला की फोकसचं प्रतल डोळ्याच्या दोन सेंटीमीटरहून जास्त मागे जातं. उभा माणूस श्वास घेतानाही पुढेमागे डुलतो. दोन्ही चुका एकाच दिशेने झाल्या की डोळा गेला आणि कान शार्प. फोटोत दोघं असतील तर त्यांना एका रेषेत उभं करा आणि एफ/४ लावा. माणूस हलत असेल तर सतत फोकस, म्हणजे एएफ-सी किंवा एआय सर्व्हो लावून तीन-चार फ्रेम सलग घ्या.

एवढं करूनही फोकस चुकतो? मग चूक लेन्सची की हाताची ते तपासा. सोलापुरी चादर पलंगावर ताणून पसरा, तिच्यावर काडेपेटी उभी ठेवा. कॅमेरा स्टँडवर लावून एक मीटरवरून, तिरक्या कोनातून, एफ/१.८ ला काडेपेटीवर फोकस करा. चादरीच्या विणीत शार्प पट्टा कुठे पडला ते लगेच दिसतं. डीएसएलआरवर पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून घ्या आणि पाच लाइव्ह व्ह्यूने, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, दर वेळी फोकस नव्याने करून. लाइव्ह व्ह्यूचे बरोबर आणि व्ह्यूफाइंडरचे कायम एकाच बाजूला चुकलेले निघाले, तर मेनूतलं एएफ फाइन-ट्यून (फोकसची बारीक दुरुस्ती) वापरा. तो पर्याय नसेल तर सर्व्हिस सेंटर गाठा. चूक कधी पुढे, कधी मागे असेल तर लेन्सला दोष देऊ नका.

सिद्धेश्वर तलावाकाठी भर दुपारी एफ/१.८ चा हट्ट नको. आयएसओ १०० ला सुमारे १/८००० शटर लागतं आणि साध्या बॉडी १/४००० ला थांबतात. एफ/२.८ करा, नाहीतर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) लावा.

गड्ड्याच्या मिरवणुकीत ५० एमएममध्ये उभा नंदीध्वज (मिरवणुकीतली उंच काठी) मावत नाही आणि गर्दीत मागे सरकायलाही जागा नसते. चेहरे आणि काठी पेलणारे हात टिपा. रात्री काळ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा फसतो आणि पांढऱ्या बाराबंदीचे (पारंपरिक अंगरख्याचे) तपशील उडून जातात. एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ करा.

शेडमधल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोटोत पट्टे आले तर शटर १/१०० करा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) पुसट येईल, येऊ द्या. तो १/२५० लाही थांबत नाही. विणकराचा चेहरा धरा. लेन्स मात्र शेडबाहेरच बदला. आत कापसाची तूस उडत असते आणि ती सेन्सरवर बसली की आकाशाच्या प्रत्येक फोटोत डाग दिसतो.