पिकअपच्या केबिनमध्ये पाणी येतंय? आधी शोधा, सिलिकॉनची ट्यूब नंतर उघडा

माझी पिकअप सिंगल केबिनची, जुनी, कराडहून भाजी भरून चिपळूणला जाते आणि येताना बहुतेक वेळा रिकामीच येते. मध्ये कुंभार्ली घाट. कोयनानगरच्या त्या पट्ट्यात पाऊस कसा पडतो ते तिकडच्या माणसाला सांगायला नको, जुलैत वायपर फुल स्पीडला ठेवला तरी पुढचा टेम्पो दिसत नाही. तर अशाच एका पावसाळ्यात ॲक्सिलरेटरच्या पायाखाली पाणी साचायला लागलं. मी म्हटलं पुढच्या काचेचं रबर गेलं असणार, दुसरं काय. रबर बदललं, वरून सिलिकॉन मारलं, पुढच्या फेरीला परत बूट ओला. परत सिलिकॉन. असे दोन महिने गेले आणि काचेची कड अशी दिसायला लागली की जणू कुणी दही सांडलंय. पाणी मात्र येतच होतं, कारण ते काचेतून येतच नव्हतं.

आपण सगळे हीच चूक करतो राव. पाणी जिथं दिसतं तिथंच बोट ठेवतो. केबिनचा पत्रा दुहेरी असतो, खांब आतून पोकळ असतात, त्यामुळं पाणी छतावरून आत शिरून दोन-तीन फूट फिरून कुठंतरी भलतीकडंच बाहेर पडतं. म्हणून दुकानातून ट्यूब आणायच्या आधी एक सुट्टीचा दिवस काढा आणि एक माणूस सोबत घ्या. मी पुतण्याला घेतलं होतं, त्याला पाण्याचा पाइप हातात दिला की तो खूश.

पण पाइप लावायच्या आधी गाडीलाच दोन-चार प्रश्न विचारा, निम्मं काम तिथंच होतं. पाणी गाडी उभी असताना येतं का चालताना? नुसती उभी असताना येत असेल तर छत, काच, दरवाजा, वायपरखालची जाळी यातलं काहीतरी. उभी असताना कोरडी राहते आणि ओल्या रस्त्यावर पळाली की पायाखाली ओलं होतं, तर खालून येतंय, चाकाचा फवारा. फ्लोअरच्या पत्र्याला जी रबरी बुचं असतात त्यातलं एखादं पडलेलं असतं नाहीतर पत्रा गंजून भोक पडलेलं असतं. पाऊस नसताना एसी लावल्यावर क्लीनरच्या बाजूला ओलं होतंय का? मग ते पावसाचं पाणीच नाही, एसीचं पाणी बाहेर सोडणारी छोटी नळी कचऱ्यानं तुंबलीय, गाडीखाली वाकून तिचं तोंड मोकळं करा. आणि पाणी बोटाला चिकट लागत असेल, गोडसर वास येत असेल, काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल तर तो कूलंट आहे, हीटरची कॉइल गळतीय. ते सरळ मेकॅनिककडं न्या आणि तोवर रेडिएटरमधली लेव्हल बघत राहा, नाहीतर इंजिन गरम होऊन मोठं काम निघेल.

माझ्या बाबतीत उत्तर असं होतं, की पाणी चिपळूणला उतरताना यायचं आणि वर येताना अजिबात नाही. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले, कारण मी समजत होतो की घाटाच्या खाली पाऊस जास्त असेल. पण तसं नव्हतं. उतरताना गाडीचं नाक खाली असतं, वर साचलेलं पाणी पुढं वाहतं. चढताना मागं वाहतं. आणि मागं वाहिलेलं पाणी पण कुठंतरी पडत असणारच ना? सीटमागं जॅक ठेवतो त्याला गंज चढला होता, मी त्याला ग्रीस लावून परत तिथंच ठेवला होता. एवढं समोर असून दिसलं नाही.

आता तपासणी. पहिल्यांदा केबिन रिकामी करा, मॅट काढा, मॅटखालचा नमदा पण काढा. नमदा वरून कोरडा लागतो पण दाबला की स्पंजसारखं पाणी सोडतो. सीट बहुतेक गाड्यांत चार बोल्टवर असते, ती काढली तर काम सोपं जातं (सीटखाली पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर ती एअरबॅगशी संबंधित असते, तिला हात लावू नका, सीट तशीच राहू दे). पायाजवळच्या बाजूच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढा, काचेच्या बाजूच्या खांबाचं कव्हर काढा. फ्यूज बॉक्सजवळ ओल असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. मग सगळं कापडानं पुसून टेबल फॅन लावून कोरडं करा, अगदी कोरडं, कारण जुनं पाणी आणि नवं पाणी यातला फरक नंतर कळत नाही.

कोरडं झालं की टाल्कम पावडर घ्या, साधी, अंगाला लावायची. खांबाच्या आतल्या पत्र्यावर, डॅशबोर्डखाली, उंबऱ्याच्या पत्र्यावर, सीटमागच्या भिंतीवर पातळ थर मारा. पाणी आलं की पावडरीत ओघळाची रेघ उमटते आणि ती रेघ वरच्या दिशेनं बघत गेलं की ते कुठून आलं ते कळतं. पावडर नसेल तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटटेपनं लावा, शाई पसरली की समजतं. मला पावडर जास्त आवडली, फक्त नंतर आठवडाभर गाडीला न्हाव्याच्या दुकानाचा वास येतो.

मग पाइप. प्रेशर वॉशर नको, वॉशिंग सेंटरला तर मुळीच नको. त्या प्रेशरनं चांगल्या रबराखालून पण पाणी आत जातं आणि तुम्ही भलत्याच जागी गळती शोधत बसता. घरचा साधा पाइप, पाणी नुसतं वाहू द्यायचं. एक जण आत टॉर्च घेऊन बसणार, दरवाजे-काचा बंद, दुसरा बाहेर. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं, मग आत आलं तरी कुठून आलं कसं सांगणार? आधी दरवाज्याची खालची बाजू, मग हँडलची उंची, मग खिडकीच्या काचेची कड, मग वायपरखालची जाळी, मग पुढची काच खालून वर, मागची काच खालून वर, आणि सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक जागेला किमान दहा मिनिटं द्या. लोकांना इथं धीर नसतो, दोन मिनिटं पाणी मारून पुढं सरकतात, पण पाण्याला फिरून यायला वेळ लागतो.

प्रत्येक जागेचं थोडं सांगतो. दरवाज्याच्या आत पाणी जाणं हे चुकीचं नाही, खिडकीच्या काचेवरून ते आत उतरतंच, आणि दरवाज्याच्या तळाशी जी बारीक भोकं असतात त्यातून बाहेर पडतं. ती भोकं चिखलानं बुजली की दरवाजा उघडताना आत पाण्याचा डचमळल्यासारखा आवाज येतो. स्क्रू ड्रायव्हर घालून मोकळी करा, एका मिनिटाचं काम. दुसरी गोष्ट, डोअर पॅडच्या मागं पत्र्यावर एक प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो दरवाज्यातलं पाणी केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवणारी पोरं नाहीतर काचेचं मशीन दुरुस्त करणारे तो टराटरा फाडतात आणि तसंच पॅड बसवून देतात, कारण तो कागद कशासाठी आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुमची गळती स्पीकर बसवल्यानंतर सुरू झाली असेल तर आधी तिथंच बघा. जाड प्लास्टिक कापून चारी बाजूंनी ब्युटाइल टेपनं चिकटवा आणि खालची कड दरवाज्याच्या आतल्या बाजूला जाईल अशी बसवा.

दरवाज्याच्या रबराला तपासायला नोट वापरा. नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची, सगळीकडं सारखी घट्ट लागली पाहिजे. एखाद्या जागी सुळकन निघाली तर तिथं रबर दबून चपटं झालंय किंवा दार खाली उतरलंय. दार उतरलं असेल तर नवीन रबर घालून उपयोग नाही, आधी बिजागरी बघा.

वायपरखालची जाळी मात्र सगळ्यांनी पावसाळ्याआधी साफ करावी, गळती असो नसो. गाडी आंब्याच्या नाहीतर गुलमोहराच्या झाडाखाली लावत असाल तर तिथं पानांचं खत तयार झालेलं असतं. पाणी बाहेर जायची वाट तुंबली की ते वाढत वाढत ब्लोअरच्या तोंडातून आत येतं.

इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायरी, केबल जातात तिथं भोकात बसणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ग्रोमेट, असतात. फॉग लॅम्प, मोठा हॉर्न, जीपीएस असलं काही नंतर बसवलं असेल तर वायरिंगवाल्यानं नवं भोक पाडून वायर तशीच आत घातलेली असते. पाणी वायर धरून सरळ आत येतं. भोकाला ग्रोमेट बसवा आणि वायर आत शिरायच्या आधी बाहेरच्या बाजूला तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या टोकाला गळून पडतो, आत जात नाही.

आता आपल्या पिकअपवाल्यांची खास भानगड, ताडपत्री. हौद्यावर ताडपत्री बांधतो, तिच्या पोटात दहा-पंधरा लिटर पाणी सहज साचतं, आणि ब्रेक मारला की ते सगळं एकदम केबिनच्या मागच्या काचेवर नाहीतर छतावरून पुढं येतं. एवढ्या पाण्याला मागच्या काचेचं कडक झालेलं रबर टिकत नाही. ताडपत्रीच्या मध्ये आडवी पट्टी नाहीतर कमान देऊन तिला उतार द्या. आणि दोरी छताच्या कडेच्या पन्हाळीला अडकवू नका.

ती पन्हाळ म्हणजे माझ्या गाडीचा चोर. आम्ही खालून वर करत सगळं तपासलं, काच निर्दोष सुटली (तिला मी उगाच सिलिकॉनचं दही फासलं होतं), छतावर पाणी सोडलं तरी काही नाही. तेव्हा मला घाट आठवला. घरासमोर उतार आहे, तिथं गाडी नाक खाली करून लावली, हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली, चाकांना दगड लावले आणि पुतण्याला परत छतावर पाणी सोडायला सांगितलं. सहाव्या-सातव्या मिनिटाला खांबाच्या पत्र्यावरच्या पावडरीत वरून खाली काळी रेघ आली. छतावर लोखंडी कॅरियर बसवला होता, त्याचे क्लॅम्प पन्हाळीला आवळलेले. वजनानं आणि हादऱ्यांनी पन्हाळ वाकली होती आणि दोन पत्र्यांच्या जोडावरचं सीलंट चिरलं होतं. चीर नखाएवढी, पेंटखाली, नुसत्या नजरेला दिसणारी नाही. पाणी तिथून खांबात, खांबातून फ्यूज बॉक्सच्या बाजूनं माझ्या बुटात.

दुरुस्तीचं तसं सोपं. जुनं सीलंट खरवडून काढायचं, गंज असेल तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत सँडपेपर मारायचा, प्रायमर मारून वाळू द्यायचा, मग जोडावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. आंबट वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्यावर लावू नका, त्यातल्या ॲसिडनं पत्रा गंजतो, आणि सिलिकॉनवर पेंट पण धरत नाही. दोन कांड्या मळून लावायची इपॉक्सी पुट्टी पण इथं नको, ती दगडासारखी कडक होते आणि पत्रा हलला की चिरते. आणि हे सगळं कोरड्या दिवशी करा, ओल्या पत्र्याला काहीच चिकटत नाही. भर पावसाळ्यात वेळ आली तर शेडमध्ये लावून हीट गननं नाहीतर हेअर ड्रायरनं जागा कोरडी करून मगच लावा. रबरात बसवलेली काच गळत असेल तर मात्र रबराच्या घडीत न वाळणारं काचेचं सीलंट भरायचं, आणि रबर लाकडासारखं झालं असेल तर सरळ नवीन. रबर काढल्यावर आतल्या पत्र्याची कड बघून घ्या, ती गंजून खाल्लेली असली तर डेंटरकडं गेल्याशिवाय नवं रबर पण बसत नाही.

सीलंट ट्यूबवर लिहिलंय तेवढे तास वाळू द्या, मग परत तीच पाइपची टेस्ट, त्याच उतारावर, तेवढाच वेळ. ती पास झाली तरी मॅट लगेच टाकू नका. नमदा पूर्ण वाळायला आपल्याकडं पावसात आठवडा पण जातो, एसी असेल तर काचा बंद करून अर्धा तास एसी चालवा, हवेतली ओल बऱ्यापैकी ओढून घेतो. फ्यूज बॉक्समधल्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून साफ करा, नाहीतर दोन महिन्यांनी इंडिकेटर लावला की वायपर चालू होईल आणि तुम्ही वायरिंगवाल्याच्या दारात बसाल.

मी कॅरियर काढून टाकला, तशीही त्यावर स्टेपनी आणि दोऱ्याच असायच्या. त्यानंतर पंधरा दिवस मॅटऐवजी नुसती वर्तमानपत्रं अंथरून चिपळूणच्या फेऱ्या केल्या, रोज संध्याकाळी उचलून दाबून बघायचो. एकदा कागद ओला निघाला तेव्हा पोटात गोळाच आला, पण ती पुतण्यानं सांडलेली पाण्याची बाटली होती.