नरकासुर बांधायच्या आधी : अल्पवयीन गुन्ह्याची बातमी कशी वाचावी

काही वर्षांपूर्वी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर आमच्या गावातल्या देवळाची फंडपेटी फुटली. गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, एवढंच सांगतो. देऊळ कुठलं ते विचारू नका, कारण पुढे कळेल. सकाळी सात वाजता गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला, ‘पेटी फोडली, दोन पोरांना पाहिलं म्हणतात.’ नऊ वाजता पोरं चार झाली. जेवायच्या वेळेला ‘अल्पवयीन टोळी सक्रिय, दारं-खिडक्या लावून घ्या’ असा मजकूर तीन ग्रुप फिरून माझ्याकडे परत आला, तेव्हा त्यात कोयतेही आले होते. संध्याकाळी दुकानावर कुणीतरी ‘सगळे भायले’ असा निकाल दिला आणि गावाचा जीव भांड्यात पडला. आपले नव्हेत ना, मग झालं.

पोरं दोनच होती. एक चौदाच्या आसपास, एक सोळाच्या. हातात कोयता नव्हता, शेजारच्या बांधकामावरचा गज होता. दोघांपैकी एक माझ्या वर्गात बसलेला. त्याचं अक्षर मला अजून आठवतं.

घडलेली गोष्ट खरी, पण तिची भीती तिच्या कितीतरी पट मोठी, आणि ती सगळी भीती एका गटाच्या तोंडावर चिकटवलेली, या प्रकाराला समाजशास्त्रात नैतिक घबराट म्हणतात. आपल्याकडे तो समजवायला फार कष्ट नकोत. दिवाळीच्या आदल्या रात्री चौकाचौकात नरकासुराचा पुतळा कसा उभा राहतो ते आपण पाहतोच. आत गवत, वर कागद, तोंडाला मुखवटा, आणि शेजारच्या वाड्यापेक्षा (वाडा म्हणजे गावातली वस्ती) आपला दोन फूट उंच हवा हा हट्ट. बातमीतला बालगुन्हेगारही असाच वाढत जातो. तर तो बांधायला हात लावण्याआधी काय करायचं, ते मी स्वतः जसं करतो तसं सांगतो.

पहिली पायरी : क्रियापदं ठेवा, विशेषणं खोडा

निरोप किंवा बातमी कागदावर उतरवा. हो, कागदावरच; मोबाईलवर वाचताना अंगठा डोक्याच्या पुढे धावतो. मग ‘हैदोस’, ‘उच्छाद’, ‘धुमाकूळ’, ‘सक्रिय’, ‘सराईत’ असे शब्द खोडा. उरलेल्या वाक्यात कुणी, कुठे, काय केलं आणि हे सांगतंय कोण, एवढं आहे का ते बघा. आमच्या ग्रुपवरच्या त्या मजकुराला ही चाळणी लावली तर खाली उरलं ते ‘पेटी फुटली’, दोन शब्द. ‘टोळी’ या शब्दाकडे खास लक्ष द्या. तीन पोरं मिळून क्रिकेट खेळली तर तो संघ, आणि तीच रात्री पुलावर बसली तर टोळी.

१९६४ च्या ईस्टरला इंग्लंडमधल्या क्लॅक्टन या समुद्रकाठच्या गावात तरुणांच्या दोन गटांत बाचाबाची झाली. एक स्कूटरवाले ‘मॉड्स’, दुसरे मोटरसायकलवाले ‘रॉकर्स’. हवा थंड, पाऊस, करायला काही नाही. थोडी हाणामारी, काही काचा फुटल्या. वर्तमानपत्रांत मात्र ‘दहशतीचा दिवस’ उजाडला. समुद्राकाठची सगळी नृत्यगृहं फोडली, असंही छापून आलं. गावात नृत्यगृह होतं एकच, आणि त्याच्या काही काचा फुटल्या होत्या. स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने हा सगळा प्रकार खोदून काढला आणि १९७२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. नैतिक घबराट ही कल्पना रुळली ती तिथून. त्याचं एक निरीक्षण मला फार पटतं. बोभाटा झाला की पुढच्या सुट्टीला पोलीस जास्त येतात, बातमीदार जास्त येतात, बघे जास्त येतात, आणि पोरंही ‘आता काहीतरी होणार’ म्हणून जमतात. म्हणजे घबराट नुसती बातमी फुगवत नाही, पुढची घटनाही घडवते.

दुसरी पायरी : आकड्याला विचारा, कितीतले किती

‘अल्पवयीन गुन्हेगारीत पन्नास टक्क्यांनी वाढ’ हे वाचून पोटात गोळा येतो. गोवा म्हणजे २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांचं राज्य. समजा, एखाद्या तालुक्यात गेल्या वर्षी चार प्रकरणं होती आणि यंदा सहा झाली, तर तीही पन्नास टक्के वाढच. मथळ्याला टक्के आवडतात, आपण नग विचारावेत.

देशाचा आकडा बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये अल्पवयीन आरोपी असलेली ३१,१७० प्रकरणं नोंदली गेली आणि २०२२ मध्ये ३०,५५५. म्हणजे घट. त्याच २०२२ मध्ये देशात नोंदलेले एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाखांच्या वर होते. हिशेब केला तर साधारण एकशे नव्वद गुन्ह्यांत एक अल्पवयीनाचा. उरलेले एकशे एकोणनव्वद आपल्या वयाच्या लोकांचे, पण ‘प्रौढांची वाढती गुन्हेगारी चिंताजनक’ असा अग्रलेख मी अजून वाचलेला नाही.

आणखी एक गोष्ट. नोंद वाढली म्हणजे गुन्हा वाढलाच असं नाही. गावात ओरड झाली की गस्त वाढते, आणि पूर्वी ज्याचा कान पिळून घरी पाठवलं असतं तो पोरगा डायरीत चढतो. मग तीच वाढलेली नोंद ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ म्हणून दाखवली जाते.

भाकितांपासून तर चार हात लांब राहावं. अमेरिकेत १९९५ साली जॉन डियूलिओ या प्राध्यापकाने निर्दय पोरांची एक लाट येऊ घातल्याचं भाकीत केलं आणि त्यांना ‘महाशिकारी’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्या दशकात अनेक राज्यांनी पोरांना प्रौढांच्या कोर्टात उभं करणं सोपं केलं. लाट आलीच नाही, उलट गुन्हे घटत गेले. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे अल्पवयीनांच्या जन्मठेपेचा प्रश्न आला, तेव्हा हे भाकीत चुकलं होतं असं सांगणाऱ्या निवेदनावर सही करणाऱ्यांत डियूलिओही होते. कायदे तोवर लागू होऊन गेले होते.

तिसरी पायरी : ‘त्यांना काय, सुटतात’ म्हणण्याआधी कायदा वाचा

दुकानावरचं सगळ्यात लाडकं वाक्य हे. त्याचा उगम बहुतेकांच्या मनात २०१२ च्या डिसेंबरातल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात आहे. सहा आरोपी, त्यातले पाच प्रौढ, एक अठराच्या आतला. घराघरांत चर्चा मात्र त्या एकाची. तो तीन वर्षांनी, २० डिसेंबर २०१५ ला बाहेर आला आणि २२ डिसेंबरला राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला. दोन दिवसांचं अंतर. त्या प्रकरणातला राग खोटा होता असं कुणी म्हणणार नाही. पण देशभरच्या हजारो मुलांना लागणारा कायदा एका मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून झाला, हेही खरं.

१५ जानेवारी २०१६ पासून लागू असलेला हा कायदा काय सांगतो? किमान सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलाकडून घडला, तर बाल न्याय मंडळ त्याची समज आणि परिस्थिती तपासतं आणि खटला प्रौढासारखा चालवण्यासाठी वर पाठवू शकतं. म्हणजे ‘अठराच्या आत काहीच होत नाही’ हे चूक. बाकीच्यांना जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता येतं. पोलिसांनी मुलाला कोठडीत ठेवायचं नाही आणि चोवीस तासांत मंडळापुढे न्यायचं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली किमान एक बाई. कागदावर ‘बालगुन्हेगार’ नव्हे, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ लिहायचं. शब्द जिभेला जड आहे, कबूल. पण ‘गुन्हेगार’ म्हणजे तो कोण आहे हे सांगणं, आणि ‘संघर्षग्रस्त’ म्हणजे त्याचं काय झालंय हे सांगणं.

गोव्यात एक घोटाळा नेहमी होतो. पणजीचं बाल न्यायालय म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे फक्त बिघडलेली पोरं उभी करतात. ते न्यायालय आलं गोवा बाल कायदा, २००३ मधून, आणि त्याचं मुख्य काम मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांचं. तिथे पोर उभं असतं ते बहुतेक वेळा सोसलेलं म्हणून.

चौथी पायरी : गोष्टीतला मोठा माणूस शोधा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि घबराटीत नेमकी हीच गळते. पोरांच्या कितीतरी गुन्ह्यांत कुठेतरी एक प्रौढ असतो. चोरीची तांब्याची तार विकत घेणारा. गाडीची चावी देणारा. पुडी पोचवायला सांगणारा. कायदा या माणसाला ओळखतो. मुलाकरवी अमली पदार्थाची ने-आण किंवा विक्री करवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. आमच्याकडे शाळेच्या गेटापासून शंभर पावलांवर दहावीची पोरं स्कूटर लावतात. त्या स्कूटर त्यांनी पगारातून घेतलेल्या नसतात.

मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोघांचा जीव गेला आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध निघाला. लोक चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. पण पुढे जे बाहेर आलं ते रक्ताचा नमुना बदलल्याचं, आणि त्या आरोपाखाली अटक झाली ती डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांना. टीव्हीवर मात्र वय किती असावं, सोळा की अठरा, यावरच रात्री गेल्या.

आपल्या मडगावचं उदाहरण तर याच्या अगदी उलट टोकाचं. फ्रेडी पीट नावाचा म्हातारा तिथे अनाथ मुलांचं आश्रयस्थान चालवत होता. परोपकारी म्हणून लोकांत मान. १९९१ मध्ये त्याला अटक झाली आणि मुलांच्या लैंगिक शोषणासाठी १९९६ मध्ये जन्मठेप. तोवर त्याच्याबद्दल सावध करणारा निरोप गावभर फिरला नव्हता. पांढऱ्या केसांची भीती वाटत नाही आपल्याला, पुलावर बसलेल्या पोरांची वाटते.

पाचवी पायरी : पोराचा वाडा बदलून बघा

बातमीतल्या पोराच्या जागी आपल्या भाच्याला ठेवा. वस्ती, आडनाव, घरची भाषा बदला. शब्द तेच राहतात का? ‘आमचीं भुरगीं तशीं न्हय’ (आमची मुलं तशी नाहीत) हे मी शिक्षक-पालक सभेत इतक्या वेळा ऐकलंय की कुणी म्हणायला लागलं की पुढचं वाक्य मीच पुरं करतो. होळीसाठी रात्री कुणाच्या कुळागरातून लाकडं पळवली, कुणाचे नारळ उतरवले, याच्या गोष्टी आमच्याकडचे आजोबा लोक अजून छाती फुगवून सांगतात. तेच काम बांधकामावरच्या मजुराच्या पोराने केलं की ती चोरी.

सहावी पायरी : फोटो आणि व्हिडिओ पुसा

इथे फार बोलायला नको. मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिने कैद, दोन लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. फक्त नाव टाळून भागत नाही. छोट्या गावात ‘अमक्या वाड्यावरच्या रिक्षावाल्याचा धाकटा’ म्हटलं की पत्रिकाच मांडली. म्हणून मी देऊळ सांगितलं नाही.

सातवी पायरी : तरीही गुन्हा खराच असेल तर

वरचं सगळं वाचून ‘म्हणजे मुलांनी काही केलंच नाही’ असा अर्थ काढू नका. म्हातारीच्या कानातलं ओढलं गेलं असेल तर तिचा फाटलेला कान खरा आहे, आणि तिला समाजशास्त्र सांगायला जाऊ नये. तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा. मुलांच्या प्रकरणासाठी नेमलेला बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहे ते विचारा आणि तक्रार त्याच्यापुढे द्या. पोर सापडलं तर बांधून घालणं, मारणं, व्हिडिओ काढणं यातलं काहीही करू नका, आणि दुसऱ्यालाही करू देऊ नका. पोरच संकटात दिसलं तर १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो.

आणि मग ग्रुपवर लिहा. गप्प बसलेल्या माणसाचा ग्रुपवर काही उपयोग नसतो. मोठं भाषण नको. मी त्या दिवशी लिहिलं होतं ते असं : ‘पेटी फुटली हे खरं. मुलं दोन. कोयता नव्हता. तपास चालू आहे. जुना निरोप पुढे पाठवू नका, पाठवला असेल त्यांना हे कळवा.’ दोन अंगठे आले. एक उत्तर आलं, ‘मास्तर, तुम्ही नेहमी त्यांचीच बाजू घेता.’ मी विचारलं, ‘त्यांची म्हणजे कुणाची, दादा?’ त्यावर काही आलं नाही.

पुढे कळलं ते असं, की पेटीचं कुलूप सैल आहे हे पोरांना सांगणारा आणि पैशातला मोठा वाटा नेणारा एक पंचविशीतला इसम होता. चांगल्या घरचा, आपल्याच वाड्यावरचा. त्याचं नाव एकाही ग्रुपवर आलं नाही.

त्या दिवाळीत धाकटा पोरगा आमच्या चौकातल्या नरकासुराच्या पायाला कागद चिकटवत होता. त्याला घ्यायचं की नाही यावर पोरांत थोडी कुजबुज झाली, मग कुणीतरी त्याच्या हातात खळीचा डबा दिला. दुकानावर ती गोष्ट अजून निघते. कोयते सध्या तीन आहेत.